शकुनचं कॉलेज

भंडाऱ्याच्या बस स्टँडवर साकोलीची गाडी लागायला अजून वेळ होता. वासुदेवराव बाकावर टेकले आणि त्यांनी चपला काढून ठेवल्या. दिवसभर नागपूर फिरून पाय भरून आले होते. शेजारी त्यांची सून शकुन पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

कालचा दिवस साकोलीच्या कॉलेजात गेला होता, आजचा नागपूरच्या. बी.ए.ला दोन्हीकडे जागा होती आणि प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस. सुनेला शिकवायचं, हे वासुदेवरावांनी मुलाच्या तेराव्यालाच मनाशी पक्कं केलं होतं. गावानं नावं ठेवली, तरी ते हटले नाहीत. आता फक्त कुठे, एवढंच उरलं होतं. आणि त्यांच्या मते तेही ठरल्यातच जमा होतं.

"साकोलीच बरी," ते म्हणाले. "प्राचार्यांनं खुर्ची देली, चहा पाजला. आपल्या घरचीच पोरगी हाय म्हणाले. सकाळच्या गाडीनं जाशील, संध्याकाळी घरी येशील. नागपुरात राहाव लागन, तिथं कोण हाय आपलं? एवढं मोठं आवार, एवढी पोरं, पण कोणी ढुंकून पाहिलं नाही आपल्याकडं."

"हो," शकुन म्हणाली. "कोणीच नाही पाहिलं."

त्या आवाजात तक्रार नव्हती. वासुदेवरावांनी मान वळवली.

"साकोलीले सगळ्यांनी पाहिलं, मामाजी," ती हळूच बोलली. "तुम्ही आत बोलून राहिले होते तवा. वऱ्हांड्यातल्या पोरींनी आधी कपाळ पाहिलं, मंग हात पाहिले, अन् चूप झाल्या. नागपूरले एका पोरीनं मले इचारलं, तुझा विषय कोणता? बस. एवढंच इचारलं."

प्राचार्यांनी चहा मागवला होता तो मुलाचं नाव काढून, हे वासुदेवरावांना आता आठवलं. ती खुर्चीही बहुधा त्याच्यासाठीच पुढे केलेली होती.

साकोलीची गाडी लागली. लोक खिडक्यांतून रुमाल, पिशव्या टाकून जागा धरू लागले. शकुन उठली.

"चला, मामाजी."

ते उठले नाहीत. भाताची रोवणी तोंडावर आली होती. घरी गेल्यावर रोपांचे पऱ्हे होते, शेतातल्या बांधी होत्या, आणि त्यानंतर संध्याकाळ होती. मुलगा गेल्यापासून त्या घरात दिवेलागणीला दोन शब्द बोलणारी ही एकटीच. त्यांची म्हातारी, जिला शकुन आत्याबाई म्हणायची, ती तर बोलायचंच विसरून गेली होती. साकोलीत एवढं काय बरं दिसलं होतं आपल्याला, ते वासुदेवरावांना नीट कळलं, आणि कळल्यावर आणखीच थकल्यासारखं झालं.

गावचा तुलाराम गाडीच्या पायरीवर चढत होता. वासुदेवरावांनी त्याला हाक मारली.

"तुलाराम, घरी सांगजो, आमी उद्या येतो म्हणून."

तुलारामनं एकदा त्यांच्याकडे, एकदा शकुनकडे पाहिलं आणि मान हलवली. गाडी धूळ उडवत निघून गेली.

"काहून, मामाजी?" शकुन घाबरून म्हणाली. "उद्या घरून निघू ना सकाळी."

"घरी गेलो तं माहं मन बदलते, पोरी." त्यांनी चपला पायांत सरकवल्या. "रात्रभर धर्मशाळेत पडू. कॉलेज उघडलं का तुह्यं नाव घालू."

नागपूरची गाडी जवळजवळ रिकामीच होती. भंडारा मागे पडलं, तशी शकुननं विचारलं, "आत्याबाईच्या डोळ्यात औषध कोण टाकन?"

"मी टाकीन."

"तुमचा हात कापते."

वासुदेवरावांनी डोळे मिटून मान मागे टेकवली.

"मंग थोडं सांडन," ते म्हणाले.