सासऱ्यांची गिटार

मान धडात बसत नव्हती. जावयाने ती पुन्हा बाहेर काढली, खाचेत फुंकर मारली आणि दवाखान्यातल्या जुन्या खुर्चीवर आडव्या पडलेल्या गिटारकडे पाहिलं. सासऱ्यांनी वरचा दिवा तिच्या पोटावर वळवला.

"आ कर म्हणू का तिला?"

"खाच अजून जराशी घासावी लागेल, बाबा."

"घास की. घाई कोणाला आहे?"

सासरे दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केला तेव्हा पेशंटची खुर्ची काही त्यांना विकवेना. ती घरामागच्या गॅरेजमध्ये आली आणि गाडी रस्त्यावर गेली. सासूबाई ते अजून ऐकवायच्या. आता त्याच खुर्चीवर एक इलेक्ट्रिक गिटार आकाराला येत होती. एका खोक्यातून धड आलं होतं, दुसऱ्यातून मान. तारा, खुंट्या, तारांचा आवाज पकडणारे पिकअप, बारीक स्क्रू असा सगळा पसारा अवजारांच्या स्टीलच्या ट्रेमध्ये मांडलेला.

जावई लिफ्ट दुरुस्त करायचा. "तुझ्या हातांना वायरी कळतात, माझ्या हातांना दाढा," सासरे फोनवर म्हणाले होते. "कॉलेजात असल्यापासून गिटार वाजवायची हौस राहून गेलीय बघ. सुटे भाग घेऊन आलोय. रविवारी ये."

त्या रविवारी तो गेला होता, पण गिटारसाठी नाही. तो आणि त्यांची मुलगी वेगळे झाले होते. कागदांवर सह्याही झाल्या होत्या. भांडण असं नव्हतं. भांडावं इतकंही काही उरलं नव्हतं. ती नोकरीसाठी दूरच्या देशात गेली आणि हळूहळू तिकडचीच झाली. "आईबाबांना मी सुट्टीवर आले की समोर बसून सांगेन. तोवर तू बोलू नकोस," असं तिने बजावलं होतं. सह्या झाल्या तरी तिची सुट्टी काही ठरली नव्हती. नावापुरता जावई म्हणून त्या घरचा चहा प्यायचा, हे काही त्याच्या पचनी पडेना. सांगून टाकायचं आणि पुन्हा त्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, असं ठरवूनच तो निघाला होता.

पण सासूबाईंनी दार उघडलं ते "किती वाळलास रे" म्हणतच, आणि सासऱ्यांनी हातात पॉलिशपेपर कोंबला. सांगायचं राहिलं आणि तो लाकूड घासायला बसला.

मग रविवारमागून रविवार गेले. लाकूड गुळगुळीत झालं. मधासारख्या रंगाचं लॅकर चढलं, वाळलं, घासलं गेलं, पुन्हा चढलं. मध्येच सासऱ्यांनी तारा अडकवायच्या ब्रिजसाठी एक भोक तिरकं पाडलं. ते बुजवून नव्याने पाडण्यात एक अख्खा रविवार गेला.

"इतकी वर्षं लोकांच्या तोंडात हात घातला, तेव्हा कधी ह्यांचं भोक वाकडं गेलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"तेव्हा पेशंट ओरडायचा. लक्ष राहायचं."

पुढे त्यांनी खुंट्या उलट्या बसवल्या. त्यानंतर तारांखालची हाडाची पट्टी त्यांच्या हातून पडून तुटली, आणि नवी येईपर्यंत काम अडलं. जावयाने एका शब्दाने कुरकुर केली नाही. तो मामाकडे वाढला होता. तिथे पाहुण्यासारखं राहायचं आणि पाहुण्यासारखंच आवरतं घ्यायचं, हे त्याला लहानपणीच कळलं होतं. इथे कोणी घड्याळाकडे बघत नव्हतं. सासरे खुर्चीचं पेडल दाबून गिटार वरखाली करत, पेशंटचे किस्से सांगत, आणि तो हसता हसता मध्येच ट्रेमध्ये उरलेले स्क्रू मोजू लागे. गिटार पूर्ण झाली की यायला निमित्त उरणार नव्हतं.

म्हणून वायरिंग त्याच्यावर आलं तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम सोल्डरचा कच्चा टाका मारला. स्पीकर लावताच गिटार माशीसारखी घोंगावली.

"अर्थिंगची वायर सैल आहे वाटतं," तो खाली मान घालून म्हणाला.

"राहू दे आज. पुढच्या रविवारी बघू," सासरे म्हणाले.

पण बिघडवायलाही काहीतरी शिल्लक लागतं. एका रविवारी ते संपलं. मान घट्ट बसली होती, तारा सुरात होत्या, घोंगावणं बंद झालं होतं. सासऱ्यांनी त्यालाच वाजवायला लावलं. त्याला येत होता तो एकच स्वरमेळ त्याने छेडला. आवाज गॅरेजभर पसरला आणि खिडकीची काच थरथरली. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सासूबाई दारातच थांबल्या.

त्याने गिटार खुर्चीवर ठेवली.

"बाबा, एक सांगायचंय. आई, तुम्हीही बसा."

मग त्याने सगळं सांगितलं. सह्या कधी झाल्या ते, दोघांनी काय ठरवलं होतं ते. "मी आता तुमचा जावई नाही," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. इतके रविवार तुम्हाला फसवत आलो. तुमची हौस पुरी झाली, एवढंच काय ते बरं झालं."

सासूबाईंनी त्याच्या हातात कप दिला. "गार होतोय," त्या म्हणाल्या आणि त्याच्या पाठीवर ठेवलेला हात त्यांनी काढला नाही.

सासऱ्यांनी दिवा बंद केला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"सह्या झाल्या त्याच दिवशी तिने फोन केला होता. खूप रडली," ते म्हणाले. "मीच म्हटलं, आम्हाला कळलंय हे त्याला सांगू नकोस, नाहीतर तो यायचा बंद होईल. आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन दुकानदाराला विचारलं, जोडायला सगळ्यात जास्त वेळ लागेल असं तुमच्याकडे काय आहे?"