दारातलं जाळं

"थांब! आणखी एक पाऊल टाकू नकोस!"

लेक खांद्याला बॅग लावून होती तिथेच थबकली. बाहेरच्या दाराआधीच्या अरुंद बोळात, भिंतीपासून छत्र्यांच्या खुंटीपर्यंत, गोल जाळं ताणलेलं होतं. मधोमध, डोकं खाली करून, मादी कोळी बसली होती. आयुष्यभर कोळ्यांचा अभ्यास केलेले बाबा पायजम्यातच गुडघे टेकून जाळ्याचे आरे मोजत होते. तीन महिने या बाईसाहेबांनी बाबांनी पाळायला केलेल्या लाकडी चौकटीत एकही धड जाळं विणलं नव्हतं. काल बाबा चौकटीची काच लावायला विसरले, आणि पहाटे तिने घराची वाटच अडवली.

"पावणेआठची बस आहे, बाबा. दहाला मुलाखत."

"जरा उजेड येऊ दे. फोटो काढतो, मग जा."

"इथे उजेड नऊला येतो!"

"मग मागच्या दाराने जा."

यावर हसावं की रडावं? मागचं दार बाबांनीच कोळ्यांच्या चौकटी रचून कायमचं बंद केलं होतं. वाकून जावं, तर जाळ्याचे खालचे धागे थेट पायपुसण्याला चिकटलेले.

"या जातीची मादी रोज संध्याकाळी जाळं गिळते आणि पहाटे नवं विणते, हे तुम्हीच शिकवलंत ना? उद्या विणेल की पुन्हा."

"आणि नाही विणलं तर?" बाबांनी मानही वळवली नाही. "नोकऱ्या काय, छप्पन मिळतील."

चार वर्षांत लेकीला आलेलं हे पहिलंच बोलावणं. ते पहिलंच आहे, हे बाबांना माहीतसुद्धा नव्हतं. तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

स्वयंपाकघरातून आई आली. हात पुसले आणि सरळ जाळ्यातून चालत गेली. चिकट धागे तिच्या केसांना, गालांना, पापण्यांना लागले. तिने दार उघडलं.

"जा. पळ."

लेक पळाली.

बाबा ओरडत उठले आणि जागीच थांबले. मादी आईच्या खांद्यावर बसली होती. ते श्वास रोखून जवळ आले. इतके जवळ ते कित्येक वर्षांत आले नव्हते. खांद्यावरचा एकेक धागा ते इतक्या हळुवार बोटांनी सोडवू लागले, की आईने डोळे मिटून घेतले.

"हलू नकोस," ते कुजबुजले. "तिचा पाय मोडेल."