चावी फेका

"हालू नको! गोळी घालीन!" खिडकीच्या गजांतून रागिणी ओरडली, आणि ओसरीवर चढलेल्या माणसाच्या छातीवर लाल ठिपका येऊन बसला.

माणूस जागीच थिजला. उन्हापायी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. त्याने घाईघाईने दुपट्टा ओढून काढला. चेहरा अनोळखी.

"वहिनी, मी धर्मपाल. शेजारच्या वावरातला नवा सालदार. गोपालभाऊले नाग चावला! विहिरीपाशी पडले हायेत. गाडीची चावी द्या लवकर, अकोल्याले न्या लागते!"

रागिणीने पिस्तूल खाली केलं नाही. मागच्याच महिन्यात रस्त्यापलीकडच्या संत्र्याच्या बगीच्यात हेच झालं होतं. 'तुमच्या मालकाचा अपघात झाला' म्हणून चोरांनी तिथल्या बाईला दार उघडायला लावलं, आणि तिचं डोकं फोडून सोनं नेलं. त्यानंतरच तिच्या नवऱ्याने, गोपालने, लायसनच्या पिस्तुलाला हा लेझर बसवून आणला. रोज सांजच्याला रिकामं पिस्तूल तिच्या हातात देऊन भिंतीवरच्या खिळ्यावर ठिपका धरायला लावायचा. "माह्या नावानं कोनी आलं तरी दार उघडाचं नाही," हे त्याचं पालुपद. आज पिस्तूल रिकामं नव्हतं.

"त्यायलेच आन इथं," ती म्हणाली.

"कसे येतील वो? जीभ जड पडली त्यायची. अॅम्बुलन्स दुसऱ्या गावाले गेली म्हनते. तुमाले फोन लावला, तुमी उचलला नाही!"

अनोळखी नंबर उचलायचा नाही, हेही गोपालचंच. तिने एका हाताने गोपालचा नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. ट्रॅक्टरवर असला की त्याला कधी ऐकू येतं का! की ह्या मेल्यांनीच त्याला काही केलं? ठिपका त्या माणसाच्या गळ्यावर गेला, परत छातीवर आला.

"वहिनी, पाया पडतो." तो खरंच गुडघ्यांवर बसला. "घाला गोळी. पन पयले चावी फेका."

असं कोणता चोर बोलतो? तिला वाटलं, फेकावी. चावी मागे टीव्हीजवळच होती. मग वाटलं, त्या बाईलाही असंच रडून दाखवलं असेल.

"जाय इथून!" ती किंचाळली. "जाय, नाही तं घोडा दाबीन!"

धर्मपाल उठला आणि आल्या वाटेने धावत सुटला. पळाला! रागिणी भिंतीला टेकून मटकन खाली बसली. सुटले रे देवा, म्हणून रडली. मग पुन्हा गोपालचा फोन लावत राहिली.

बऱ्याच वेळाने अंगणात पावलं वाजली. तिने परत गजांतून पिस्तूल रोखलं. धर्मपाल येत होता, वाकलेला, धापा टाकत, पाठीवर गोपालला घेऊन. लाल ठिपका गोपालच्या लोंबत्या मानेवर पडला.

पिस्तूल कुठे टाकलं, दार कसं उघडलं, तिचं तिला कळलं नाही. गाडी धर्मपालने हाणली. मागच्या सीटवर ती गोपालचं तोंड ओंजळीत धरून "बोला ना, बोला ना वो" करत होती. गोपाल बोलला नाही.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या पापण्या उघडून पाहिल्या, छाती दाबली, घशात नळी घातली. मग थांबले आणि हातमोजे काढले.

"श्वास चालू असताना आणायचं होतं. नागाच्या विषावर औषध आहे आमच्याकडे. वाचला असता माणूस. का केला एवढा उशीर?"

धर्मपालने रागिणीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माह्याच्यानं झाला, साहेब," तो म्हणाला. "मी भेलो. घरी सांगाले लवकर गेलोच नाही."

"भ्यायलास?" डॉक्टर सगळ्यांदेखत त्याच्यावर कडाडले. "अरे, तुझ्या भिण्यापायी ह्या बाईचा संसार गेला! लाज वाटते का काही?"

धर्मपाल मान खाली घालून ऐकत राहिला. रागिणीही ऐकत राहिली.