जवळची बोट आधी

बचाव बोट धक्क्याला लागली तेव्हा रुकय्या पायऱ्यांवर उभी होती. तिनं आधी उतरणाऱ्या माणसांकडे पाहिलं. महादू आणि त्याच्यासोबतचे दोन मच्छीमार. तिघंही थंडीनं काकडत होते. मग तिनं सुकाणूपाशी बसलेल्या आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. इद्रीस खाली उतरला नाही.

"सैफ?" तिनं विचारलं.

उत्तर वासुदेवनं दिलं. हा मुंबईचा इंजिनिअर बंदरावरच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला होता आणि समुद्र खवळला की बचाव बोटीचं इंजिन सांभाळायला यायचा.

"भाभी, आम्ही पोचलो तेव्हा त्याची बोट उलटली होती. खूप शोधलं. कुणीच दिसलं नाही."

पहाटेपासून शमाल सुटला होता. वायव्येच्या त्या वाऱ्यात आखातातल्या अजमान बंदराच्या दोन बोटी सापडल्या. एकीत महाराष्ट्रातून कामाला आलेला महादू होता. दुसरीत, बरीच लांब, दक्षिणेला, इद्रीसचा मुलगा सैफ. "इद्रीसभाई, आधी सैफकडे चला!" वासुदेव ओरडला होता. इद्रीसनं ऐकलं नाही. गावातल्या मच्छीमारांनी हे बचाव केंद्र उभं केलं तेव्हा नियम त्यानंच घातला होता : जवळची बोट आधी, मग ती कुणाचीही असो.

"तू त्याला पाहिलंस?" रुकय्यानं नवऱ्याला विचारलं. इतक्या वर्षांत वासुदेवला तेवढं अरबी कळू लागलं होतं.

"दुर्बिणीतून पाहिलं," इद्रीस म्हणाला. "मी महादूकडे वळलो तेव्हा हात हलवत होता."

महादूला भाषा कळली नाही, पण काय झालं ते कळलं. "साहेब, आमच्यापायी..." तो वासुदेवला मराठीत म्हणाला. वासुदेवनं त्याच्या अंगावर घोंगडी टाकली.

"डिझेल भर," इद्रीस म्हणाला. "परत जाऊ. निदान त्याला घरी तरी आणू."

टाकी भरून होतेय तोच केंद्रातला वायरलेस बोलू लागला. उम्म अल कुवैनपाशी एका बोटीचं इंजिन बंद पडलं होतं आणि वारा तिला खडकांकडे ढकलत होता. उम्म अल कुवैन म्हणजे उत्तरेला.

"दुसऱ्या कुणाला तरी सांग," इद्रीस म्हणाला.

"दुसरं कुणी नाही, इद्रीसभाई."

"मग मी काय करू?" तो पहिल्यांदाच ओरडला. "एकदा केलं ना! खलास. आता मला माझ्या मुलाकडे जाऊ दे."

वायरलेसवरचा आवाज तेच तेच पुन्हा सांगत होता.

रुकय्या पायऱ्या उतरून बोटीपाशी आली.

"त्या बोटीत माणसं आहेत?" तिनं वासुदेवला मोडक्या हिंदीत विचारलं.

"आहेत, भाभी."

"जिवंत?"

"अजून तरी आहेत."

ती वाकली. ओल्या दोराची गाठ घट्ट बसली होती, ती तिनं दोन्ही हातांनी सोडवली आणि दोर बोटीत टाकला.

"जा," ती इद्रीसला म्हणाली. "सैफला आता घाई नाही."

बोट उत्तरेकडे वळली. रुकय्या धक्क्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसली.