पाणवठ्यापर्यंत

डॅफ्नीनं टेपच्या बटणावर ठेवलेलं बोट चटकन मागे घेतलं.

“लाव ना, आजी!” ऑस्ट्रेलियातल्या त्या आदिवासी शाळेत पोरं आपल्या भाषेतली गोष्ट ऐकायला आसुसली होती.

पण टेपमधून गोष्ट सांगणारी तिची थोरली बहीण परवाच गेली होती. सुतक फिटेपर्यंत मेलेल्याचा आवाज ऐकायचा नाही, ही रीत. मोडावी तर बहिणीचा जीव घुटमळणार. आणि ही भाषा धड बोलणारं मागे कुणी उरलं नव्हतं.

“आज मीच सांगते,” ती म्हणाली. मिशनच्या शाळेत मार खाऊन इंग्रजीला सरावलेली तिची जीभ अडखळत होती, तरी गोष्टीतलं तहानलेलं कांगारू कसंबसं पाणवठ्यापर्यंत आलं.

“मग?”

पुढचे शब्द तिला आठवेनात. ते टेपमध्ये होते, हाताच्या अंतरावर. कांगारू काठावर तहानलेलंच उभं राहिलं.