गिळलेली शिट्टी

"आणखी उघडा," मालीशवाला म्हणाला. पंचाने सगळा जोर लावला. दातांमध्ये जेमतेम एक बोट शिरेल एवढी फट पडली आणि पंचाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

फुटबॉलचा अंतिम सामना सुरू व्हायला पस्तीस मिनिटं उरली होती. बाहेर लोक गॅलरीचे पत्रे बडवत होते आणि त्या दणदणाटाने या छोट्या खोलीची खिडकी थरथरत होती. मैदानावरच्या डॉक्टरने एक गोळी देऊन हात वर केले होते. उरला होता तो यजमान संघाचा मालीशवाला. म्हणजे नेमका तोच माणूस, ज्याने गेलं वर्षभर या पंचाला उठता-बसता शिव्या घातल्या होत्या.

का घालू नयेत? गेल्या वर्षी याच मैदानावर, शेवटच्या मिनिटाला, गोलच्या तोंडाशी पाहुण्यांनी यजमानांच्या खेळाडूचा शर्ट धरून त्याला आडवा केला. अख्ख्या मैदानाने पाहिलं. पंच दहा पावलांवर उभा होता. शिट्टी वाजलीच नाही! चेंडू तसाच पलीकडे गेला, गोल यजमानांवर झाला आणि कप हातचा गेला. त्या दिवसापासून पंचाचं नाव पडलं शिट्टीगिळ्या. मालीशवाल्याचा थोरला भाऊ संघाचा प्रशिक्षक होता. क्लबने त्याला सांगून टाकलं, पुढच्या वेळी कप आला नाही तर दुसरं काम बघा.

तोच दादा आता दारात उभा होता. त्याने धाकट्याला खुणेने बाहेर बोलावलं.

"वीस मिनिटांत याचं तोंड उघडलं नाही तर राखीव पंच उतरेल," तो कुजबुजला. "तो निदान शिट्टी वाजवतो. तू जरा सावकाश हात चालव. एवढंच."

एवढंच! मालीशवाल्याने तो शब्द मनात घोळवला. काही वाईट करायचंच नव्हतं. नुसतं चांगलं करायचं नव्हतं.

तो आत आला, हात धुतले आणि पंचाच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली. "दात आवळा." दोन्हीकडे स्नायू टरारून वर आले. "आता सोडा." उजवा गाल खाली बसला. डावा बसेना. तिथे अक्रोडाएवढी गाठ तशीच उभी. मालीशवाल्याने अगदी सावकाश हात फिरवायचं ठरवलं होतं, पण बोटांना दादाचा निरोप पोचलाच नव्हता. ती आपली गाठीमागे लागली. त्याने हातमोजा चढवला, अंगठा गालाच्या आत घातला, बाहेरून दोन बोटं लावली आणि गाठ चिमटीत धरली.

धरली आणि तो चमकला. वीस वर्षं तो माणसांच्या गाठी सोडवत होता. ही काही आज सकाळची गाठ नव्हती.

"कधीपासून आहे हे?" त्याने अंगठा बाहेर काढला.

"गेल्या वर्षीच्या सामन्यापासून," पंच दातांतल्या दातांत बोलला. "मोठा सामना आला की जबडा अडकतो. त्या दिवशी पहिल्यांदा अडकला. शिट्टी तोंडाशी नेली आणि दात उघडेचनात. शर्ट ओढलेला दिसला होता हो मला!"

"मग सांगायचं ना तसं!"

"काय सांगू? पंचाचं तोंड उघडत नाही? कोण ऐकणार? लोक म्हणाले, याने पैसे खाल्ले. अहो, मला साधं सफरचंद खाता येत नाही."

मालीशवाल्याला हसू आलं आणि त्याच दमात स्वतःची भयंकर लाज वाटली. वर्षभराच्या शिव्या त्याच्या डोळ्यांपुढे ओळीने उभ्या राहिल्या. त्याने घड्याळाकडे पाहिलं. दादाच्या वीसातली अकरा मिनिटं उरली होती. बस्स, आता दादा नाही, कप नाही, काही नाही. अंगठा आत गेला. दाब, श्वास, पुन्हा दाब. मग कानशिलं, मग कानाखालची खोबण. त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. गाठ मऊ पडली, जराशी सरकली, पुन्हा अडली.

"जीभ टाळूला लावा. आता उघडा. हळू. घाई नको."

कट्! एवढ्या गोंगाटातही तो आवाज दोघांना ऐकू आला.

"आता तुमचीच तीन बोटं घाला बघू. एकावर एक, उभी."

पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसरं अडखळलं आणि गेलं! पंच तोंडात तीन बोटं घालून वेड्यासारखा हसायला लागला. मालीशवाला टेबलावर मूठ आपटून ओरडला, "जमलं!" तेवढ्यात घड्याळ बघत दादा दारात आला. त्याने ती तीन बोटं पाहिली, भावाकडे पाहिलं आणि पाठ फिरवून निघून गेला.

सामना असा रंगला की कुणी खाली बसेना. एक-एक बरोबरी. शेवटचं मिनिट. पाहुण्यांचा खेळाडू चेंडू घेऊन थेट गोलच्या तोंडाशी घुसला. यजमानांच्या बचावपटूने मागून त्याचा शर्ट धरला आणि त्याला आडवा केला.

शिट्टी वाजली. अशी खणखणीत, की गॅलरीतल्या शेवटच्या ओळीपर्यंत गेली. सगळं मैदान चिडीचूप झालं. त्या शांततेत यजमानांच्या बाकावर एकच माणूस उठून उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवू लागला.

दादाने त्याचं मनगट पकडलं. "वेड लागलं का तुला? शिट्टी आपल्याविरुद्ध आहे!"

"दादा," धाकटा म्हणाला, "गेल्या वर्षी आपल्याला हीच हवी होती ना?"