एकशे चौदा अंश

"रसायनशास्त्र माणसाला खोटं बोलू देत नाही," असं शिवलकर सरांनी परीक्षकांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, तेव्हा प्रयोगशाळेतल्या बाराही मुलांनी आपापल्या बाटलीवर हात ठेवला.

रत्नागिरीतलं कॉलेज, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, प्रॅक्टिकलची परीक्षा. ॲसिटॅनिलाइड तयार करायचं, शुद्ध करायचं आणि किती अंशाला वितळतं ते दाखवायचं. शुद्ध असेल तर एकशे चौदाला. नाहीतर नापास. दुसऱ्या कॉलेजातून आलेले परीक्षक साळवी यांनी सुरुवात हर्णेच्या ज्ञानेश्वरीपासून केली, कारण तिचं टेबल खिडकीशी होतं आणि एप्रिल चालू होता.

बारीक नळीत तिचे पांढरे कण. नळी तेलात, तेलाखाली बर्नर. एकशे चौदा आले नि गेले. कण जसेच्या तसे. एकशे चाळीस. दीडशे. ज्ञानेश्वरी थर्मामीटर सोडून स्वतःच्या चपलांकडे बघू लागली. एकशे नव्वदला तेलातून धूर निघाला.

"याला वितळायला आठशे अंश लागतात," साळवी शांतपणे म्हणाले. "थांबू का?"

पोरं फिसकन हसली.

"मीठ आहे, सर. डब्यात कैरीबरोबर आणलं होतं."

"आणि तू बनवलेलं?"

"बेसिनात गेलं. कोळसा घालून उकळलं, गाळलं, आणि खालचं पाणी ओतून दिलं. घरी भात वेळताना पाणी काढतो तसं."

"अगं, माल त्या पाण्यातच असतो. वर कागदावर काय उरलं मग?"

"कोळसा."

आता सगळी प्रयोगशाळा हसली. पालीचा विनीत तर नाक दाबून. तिला वाटलं, त्या पाण्यामागोमाग आपणही बेसिनातून गेलो असतो तर बरं झालं असतं.

"लाज वाटायला पाहिजे, ज्ञानेश्वरी," शिवलकर सर म्हणाले. "बाकी अकरा जणांना जमलं ना?"

हे वाक्य ते बोलले नसते तर साळवी चहाला उठले असते. आता त्यांनी अकरा बाटल्या एका रांगेत मांडल्या. अकराही सारख्याच पांढऱ्या, सारख्याच सुक्या. सकाळी केलेला माल दुपारी दोनला इतका सुकत नाही. विनीतच्या बोटांना तर कोळशाचा डागही नव्हता.

"हे कुठलं?"

प्रयोगशाळेचा शिपाई काशीराम याला सरळ विचारलं की तो सरळ सांगायचा. नोकरीच्या सव्वीस वर्षांत त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"कपाटातल्या बाटलीतला, सायेब. परीक्षा झाली की परत तिच्यातच भरून ठेवतो. पोरांचा वर्ष कशाला फुकट घालवायचा? हिलापण देत होतो. बाय बोलली, माझा मी करीन."

कुणी हसलं नाही. विनीतनं नाकावरचा हात काढला, पण तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शिवलकर सर भिंतीवरचा मूलद्रव्यांचा तक्ता आजच लावल्यासारखा वाचू लागले. त्यांचे कान लाल झाले होते.

साळवींनी ज्ञानेश्वरीला नवं सामान द्यायला सांगितलं. "पुन्हा कर. साडेपाचपर्यंत बसतो मी. पाणी तेवढं टाकू नकोस." तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि बर्नर पेटवला.

मग साळवी शिवलकर सरांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले. खाली मान घालून, जवळजवळ कुजबुजत म्हणाले,

"सर, हिचं नीट जमलं तर त्यातलं चमचाभर मला द्याल? परवा आमच्याकडे परीक्षा आहे. आमची बाटली संपत आलीये."